जोशीबुवांची बदली

शनिवार, ४ जुलै २०२०, आइंडहोवन

झोप येत नाही म्हणून हुइसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गोळी मागायला गेलो होतो. त्याने रोज थोडं लिहायला सांगितलं. काय लिहू विचारलं, तर म्हणाला, मनात असेल ते. माझ्या मनात सध्या लेफ्ट बॅक आहे. हे त्याला सांगितलं नाही, नाहीतर त्याने कदाचित गोळी दिली असती.

आज दत्ताच्या बागेत आमच्या मंडळाची उन्हाळी सभा झाली. मंडळ म्हणजे दत्ता, त्याची बायको साधना, पद्मजा, रुचिर आणि मी. आम्ही सगळे डॉमेलडाल या फुटबॉल क्लबचे पाठीराखे. आइंडहोवनात राहून दुसऱ्या डिव्हिजनमधल्या क्लबमागे का लागलात, असं लोक विचारतात. निशिगंधाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, उत्तर ठरलेलं असायचं : "मोठ्या क्लबला माणसं पुष्कळ मिळतात. इथे आपण गेलो नाही तर फ्राइज विकणारा एकटा पडेल."

दर उन्हाळ्यात सामने बंद असले की क्लबने कोणाला घेतलं, कोणाला सोडलं, कोणाच्या बदल्यात कोण आणलं, याला आम्ही दहापैकी गुण देतो. क्लबला याचा पत्ता नाही. ही पद्धत निशिगंधाने सुरू केली. सोडलेल्या खेळाडूच्या नावाआधी ती 'कै.' लावायची.

आज दत्ता वाचू लागला, "आले : गोलकीपर एक, मिडफिल्डर दोन. गेले : कै..." आणि थांबला. पद्मजाने त्याला टेबलाखालून लाथ मारायचा प्रयत्न केला, पण खुर्च्या दीड मीटरवर ठेवलेल्या असल्यामुळे ती स्वतःच्या खुर्चीवरून घसरली.

"कै. राहू दे," मी म्हटलं. "तिचाच नियम आहे."

त्यानंतर सगळ्यांनी एकदम ढोकळ्याची स्तुती केली. ढोकळा बसला होता.

निशिगंधा मार्चअखेर गेली. कॅन्सरने. सध्या हे वेगळं सांगावं लागतं. अंत्यविधीला तीस माणसांची मर्यादा होती. स्वतःच्या नावावर इतके कमी प्रेक्षक म्हणजे तिला अपमान वाटला असता.

आजचा मुख्य विषय योस्त. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, वय तेहेतीस, अकरा मोसम इथेच. निशिगंधा त्याला जोशीबुवा म्हणायची. उत्तरेकडचा एक क्लब त्याला मागतो आहे आणि बदल्यात एकवीस वर्षांचा स्ट्रायकर द्यायला तयार आहे.

"काका, भावना बाजूला ठेवा," रुचिर म्हणाला. हा पुण्याचा, चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. फुटबॉलवरचे पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकतो आणि तसंच बोलतो. "जोशीबुवा वळेपर्यंत समोरचा माणूस गोल करून, घरी जाऊन, जेवून झोपतो. या अदलाबदलीला माझे आठ."

"माझे सात," पद्मजा म्हणाली. "म्हातारा बैल वेळेवर सोडावा."

"तू कुठे बैल सोडलेस गं?" दत्ता म्हणाला.

"एक होता. दोन हजार अकरात सोडला."

पद्मजा इथल्या शाळेत गणित शिकवते. तिच्या घटस्फोटावर इतरांनी विनोद केलेले तिला चालत नाहीत, कारण तिचे जास्त चांगले असतात.

"श्रीकांत, तू?"

"दोन," मी म्हटलं. योस्त कमी धावतो, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो, हे मी समजावून सांगितलं. असा माणूस काढला की बाकीच्यांना आपण कुठे उभं राहायचं तेच कळत नाही.

"बरं बरं," दत्ता म्हणाला.

मार्चपासून मी काही बोललो की सगळे 'बरं बरं' म्हणतात. पूर्वी 'गप रे' म्हणायचे. तेच ठीक होतं.

मंगळवार, ७ जुलै

मार्लेन आली होती. शेवटचे दोन महिने निशिगंधाची शुश्रूषा करायला घरी यायची ती नर्स. रुग्ण गेल्यावर नर्सने एकदा भेटून जायची पद्धत इथे आहे. ती भेट एप्रिलमध्येच झाली. पण मंगळवारी तिची शेवटची फेरी आमच्या गल्लीत संपते, म्हणून सायकल लावून चहाला थांबते. मागच्या अंगणात बसतो. ती फार बोलत नाही, मीही नाही. निशिगंधाचं ते शेवटचं सगळं तिने पाहिलेलं आहे, त्यामुळे काही सांगावंही लागत नाही.

मार्लेन ही योस्तची बायको. हे कळलं त्या दिवशी निशिगंधा औषधाच्या पंपासकट उठून बसली होती. कोणाचा गुडघा दुखतोय, कोच कोणावर चिडलाय, सगळं विचारून घ्यायची. नर्सने रुग्णाच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. नर्सच्या गोष्टी रुग्णाने सांगू नयेत असा नियम नाही, त्यामुळे मंडळाला सगळ्या बातम्या वेळेवर मिळत.

आज बदलीचं विचारलं. मार्लेनने खांदे उडवले. "घर, मुलांची शाळा, माझं काम. दोनशे किलोमीटर आहे. विचार चाललाय." चेहरा थकलेला दिसला. तिला जायचं नसणार, साहजिक आहे.

त्यांच्या खासगी गोष्टींशी मला काही देणंघेणं नाही. प्रश्न डाव्या बाजूच्या बचावाचा आहे. उद्यापासून आकडे काढतो.

रविवार, १९ जुलै

हिमानीचा फोन. आमची मुलगी लायडनला एका प्रयोगशाळेत असते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत, आणि चिडली की डचमध्ये. आज तिसरी भाषा लवकर आली.

संध्याकाळी काय करता, असं तिने विचारलं. जुने सामने बघतो आणि डावीकडून आलेला प्रत्येक चेंडू टिपतो, असं सांगितलं. किती सामने? तीन मोसमांचे. ती म्हणाली, बाबा, याला छंद म्हणत नाहीत. जोडीदार गेलेल्या लोकांचा एक ऑनलाइन गट आहे, त्यात जा. मी म्हटलं, ट्रान्सफरची मुदत संपू दे, मग बघतो. यंदा ती करोनामुळे ऑक्टोबरपर्यंत लांबली आहे.

मग म्हणाली, "आई खूप हसली असती." हे मराठीत म्हणाली.

गुरुवार, ३० जुलै

क्लबची पाठीराख्यांबरोबर ऑनलाइन सभा झाली. टेक्निकल डायरेक्टर स्वतः होते. दर वर्षी निशिगंधा इतके प्रश्न विचारायची की तिचं नाव मुद्दाम शेवटी घेत. आज त्याच सवयीने माझं घेतलं.

माझं डच ऑफिसमधलं आहे. यंत्र का बंद पडलं एवढंच मला त्या भाषेत नीट सांगता येतं. योस्तबद्दल तसंच बोललो. चौदा स्लाइड. तो असताना डाव्या बाजूने किती चेंडू आत आले, नसताना किती. आलेख निळे आणि लाल. आवाज थोडा थरथरला, पण पडद्यावर आलेखच दिसत होता.

स्लाइड संपल्या. मग पाठीराख्यांच्या संघटनेतले एक खाटीक म्हणाले, "या गृहस्थांना नोकरी द्या." डायरेक्टर म्हणाले, हा मुद्दा आम्ही सोबत घेतो. इथल्या मीटिंगमध्ये असं म्हणाले की मुद्दा तिथेच सोडतात. बावीस वर्षांचा अनुभव आहे. पण प्रयत्न केला.

सोमवार, ३ ऑगस्ट

स्थानिक पेपरात बातमी : 'आलेखवाल्या पाठीराख्याचा सवाल'. स्टेडियमच्या कुंपणावर कोणीतरी चादर बांधली आहे, तीवर 'योस्त इथेच!' असं रंगवलंय. क्लबने अदलाबदल सध्या थांबवली आहे.

रुचिरचा मेसेज : "काका, तुम्ही तर व्हायरल! व्हायरसच्या वर्षात!"

दत्ताचा : "आता आम्ही गुण द्यायचे कशाला? सरळ तुलाच फोन करतील."

नऊ वर्षांत क्लबने निशिगंधाचा एकही मुद्दा मानला नव्हता. माझा पहिल्याच वेळी मानला. हे तिला सांगितलं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता. आज घर इतकं शांत होतं की धरलाय असंच वाटलं.

मंगळवार, ४ ऑगस्ट

मार्लेन आली नाही. सुट्टीवर असेल.

मंगळवार, ११ ऑगस्ट

आली. आता घर हलवायची गरज नाही, असं मी म्हटलं. "हो, वाचलं," ती म्हणाली. चहा अर्धा ठेवला. उष्मा फार आहे. या देशात पंखे मिळेनासे झालेत.

रविवार, ३० ऑगस्ट

पुण्याहून वृंदाताईचा फोन. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आणि सगळ्या बाबतींत.

"श्री, अविधवा नवमी अकरा तारखेला आहे. निशिगंधा सवाष्ण गेली. तिचा मान असतो."

"ताई, पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत ना?"

"श्राद्ध कर म्हटलंय का मी? एका सवाष्णीला बोलव, जेवू घाल, ओटी भर. नुसतं जेवण. जेवणाला काय शास्त्र लागतं?"

"मग अकरालाच कशाला?"

"श्री, वाद घालायला तुझ्याकडे बायको होती. माझ्याशी घालू नकोस."

निशिगंधा अशा जेवणांना हौसेने जायची. 'फ्रेंडली मॅच' म्हणायची. निकालाला महत्त्व नाही, जेवण चांगलं असतं.

साधनाला विचारलं. लगेच हो म्हणाली.

शनिवार, ५ सप्टेंबर

दत्ताला खोकला. जवळपास कुठे चाचणीला जागा नाही, म्हणून थेट हार्लेमची वेळ मिळाली. निकाल येईपर्यंत दोघं घरात बंद, आणि त्याला करोना झाला असेल तर पुढेही. म्हणजे नवमीला सवाष्ण नाही. मंडळाची व्हिडिओवर तातडीची बैठक भरली.

"साधना जखमी," दत्ताने जाहीर केलं. "बदली खेळाडू सुचवा."

"माझी बायको पुण्यात अडकलीय," रुचिर म्हणाला. "व्हिसा होईपर्यंत मैदानात उतरवता येणार नाही."

"माझ्याकडे बघू नका," पद्मजा म्हणाली. "माझा करार संपून नऊ वर्षं झाली."

"एखादी डच चालेल का?" रुचिरने विचारलं. "मार्लेन?"

मग पद्मजाने शाळेतल्या सुरात अहवाल दिला. "नवरा हयात. मुलं दोन. तिखट खाते. निशिगंधाची शेवटची मैत्रीण. दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापलास?" साधनाने आतल्या खोलीतून विचारलं.

"कुंकू लावत नाही."

"तू तरी कुठे लावतेस!"

"म्हणून तर मी निवड समितीत आहे."

ताईला कळवलं. ती म्हणाली, "नवरा आहे ना? मग झालं. फक्त त्या दिवशी मासेबिसे खाऊन येऊ नको म्हणावं."

मार्लेनला मेसेज केला. गेलेल्या बायकोच्या नावाने दुसऱ्या कोणाच्या बायकोला जेवू घालतात, हे लिहून वाचलं तेव्हा फार विचित्र वाटलं. तिचं उत्तर आलं, "छान. किती वाजता?"

शुक्रवार, ११ सप्टेंबर

आज पुष्कळ झालं. क्रमाने लिहितो.

दत्ताला करोना निघाला आहे, पण खोकल्यापलीकडे काही नाही. सकाळपासून साधना मोबाइलवरून स्वयंपाक सांगत होती. मी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. खीर, वडे, लाल भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आमसुलाची चटणी, वरणभात. अळू मिळालं नाही म्हणून पालक. पहिला वडा तेलात फुटला. "भाऊजी, लांब व्हा!" साधना तिकडून ओरडली आणि स्वतःच मागे सरकली.

मार्लेन संध्याकाळी आली. दार उघडं ठेवून, टेबलाच्या दोन टोकांना बसलो. लॅपटॉपवर साधना-दत्ता, पद्मजा आणि रुचिर. ओटी खरं तर बाईने भरायची. साधना पडद्यावरून भरते आहे असं धरायचं ठरलं. खण, नारळ, तांदूळ मी ताटात ठेवले आणि मागे झालो. मार्लेनने ते आपलं आपण उचलून ओढणीसारख्या रुमालात घेतलं. "सेल्फ सर्व्हिस ओटी," रुचिर पुटपुटला. सगळ्यांना ऐकू आलं.

ती हाताने जेवली. वडे चार घेतले. साधना खूश होऊन म्हणाली, "लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"आमचं लग्न नाही झालेलं," मार्लेन म्हणाली. "अठरा वर्षं एकत्र राहतो. नोटरीकडे करार केलाय. योस्तने एकदा विचारलं होतं, तेव्हा मला ड्यूटीला उशीर होत होता."

लॅपटॉप थिजला असं मला वाटलं. पण दत्ता खोकत होता, म्हणजे थिजला नव्हता.

"अपात्र खेळाडू!" रुचिर म्हणाला. "अपात्र खेळाडू उतरवला! नियमाप्रमाणे सामना तीन-शून्यने गेला."

काय झालं, मार्लेनने विचारलं. पद्मजाने सगळं डचमध्ये सांगितलं, जरा जास्तच सविस्तर. मार्लेनने ताटाकडे पाहिलं. "मग मी हे परत करू?"

"खबरदार!" साधना म्हणाली. "अठरा वर्षं एका पुरुषाबरोबर काढली, तीही बिनसहीची. ही आपल्यापेक्षा पक्की सवाष्ण आहे. तिला अजून एक वडा वाढा, भाऊजी."

"मी सही करून पाचच काढली," पद्मजा म्हणाली.

मार्लेन इतकी हसली की पाणी प्यावं लागलं. मीही हसलो. ताईला यातलं काही सांगायचं नाही असा ठराव करून मंडळ पडद्यावरून गेलं.

मग आम्ही दोघंच उरलो. मार्लेन म्हणाली, "श्रीकांत, एक सांगायचं आहे. योस्तला जायचं होतं."

मला वाटलं मला डच नीट समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तिकडे एक वर्ष खेळायचं आणि मग त्या क्लबच्या मुलांच्या संघाचा कोच व्हायचं. तिची आईही तिकडे राहते. सगळं ठरत आलं होतं. मग आलेख आले, पेपरात आलं, चादर लागली, आणि डायरेक्टर घाबरले. आता तो इथे राहील आणि बाकावर बसेल. तिकडचा क्लब मुदतीपर्यंत थांबेल, पुढे नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्याला काय हवंय ते तुम्ही विचारलं नाहीत. काय ते आधीच ठरवलं होतंत." ती रागावून बोलत नव्हती. तापमान किती आहे हे सांगावं तसं सांगत होती. "निशिगंधाने तर फेब्रुवारीतच त्याला फोनवर सांगितलं होतं, आता जा. लोक टाळ्या वाजवताहेत तोपर्यंत जा."

"निशिगंधाने? ती तर त्याच्यासाठी बेंबीच्या देठापासून ओरडायची. दर सामन्याला. कानठळ्या बसायच्या मला."

"हो, योस्तने हेच विचारलं. ती म्हणाली, तू माझ्या नवऱ्याचा आवडता. तो ओरडत नाही, म्हणून त्याच्या वतीने मी ओरडते."

मी खीर आणायला आत गेलो. खीर आधीच वाढलेली होती.

रविवार, १३ सप्टेंबर

चौदा स्लाइड पुन्हा तपासल्या. भारतात आणि इथे मिळून बत्तीस वर्षं चाचणी विभागात काढलेल्या माणसाने अशी चूक करावी! मी फक्त आमच्या मैदानावरचे सामने घेतले होते. का, तर आम्ही दोघं तेवढेच बघायला जायचो. बाहेरगावचे सामने जमेला धरले की योस्तचा आलेख घसरगुंडीसारखा दिसतो. गेल्या दोन मोसमांत तो वळेपर्यंत खरोखरच समोरचा माणूस जेवून झोपतो.

बाहेरगावचेही सगळे आकडे घालून डायरेक्टरांना पाठवले. चादर त्यांच्यामुळे लागली नव्हती, माझ्यामुळे लागली होती, म्हणून पाठीराख्यांच्या फोरमवरही टाकले. खाली लिहिलं की आधीची मांडणी अपुरी होती, अदलाबदल क्लबच्या हिताची आहे, आणि खेळाडूच्याही.

अर्ध्या तासात एकसष्ट उत्तरं. त्यांतली तीन छापता येतील अशी.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

मोसमातला माझा पहिला सामना. मोजक्याच प्रेक्षकांना परवानगी, आणि ओरडायला बंदी. स्टेडियममध्ये वाचनालयासारखं वाटत होतं. निशिगंधाला चौथ्या मिनिटाला बाहेर काढलं असतं.

योस्त बाकावर होता. मध्यंतराला ते खाटीक गृहस्थ माझ्यापर्यंत चालत आले, दीड मीटरवर थांबले, आणि बंदी असल्यामुळे अगदी हळू आवाजात मला शिवी दिली. फार वाईट होती. मी मान डोलावली. ते म्हणाले, "आकडे बरोबर आहेत, पण." आणि गेले.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

झालं. काल, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. योस्त तिकडे, स्ट्रायकर इकडे. क्लबने आणखी एक सामना बघायचं ठरवलं होतं म्हणे. त्यात योस्तला उतरवलं, आणि त्याच्या बाजूने दोन गोल खाल्ले. आलेखांपेक्षा त्यानेच काम केलं असणार.

मार्लेन निरोप घ्यायला आली. तिच्या फेऱ्या पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या नर्सकडे दिल्या आहेत. योस्तने निरोप पाठवला होता : राग नाही, पण मी हळू आहे हे एवढ्या रंगांत दाखवायची गरज नव्हती. आम्ही अंगणात बसलो. नेहमीसारखा चहा घेतला. जाताना तिने हात पुढे केला आणि आठवण होऊन मागे घेतला. मग कोपर पुढे केलं. कोपराला कोपर लावून माणूस कसा निरोप देतो हे मला अजून समजलेलं नाही. सायकल कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभा होतो.

संध्याकाळी मंडळाची अंतिम सभा झाली, पडद्यावर. दत्ता बरा झाला आहे. वास अजून येत नाही, आणि साधना म्हणते की तिच्या स्वयंपाकावर बोलायला ते आड येत नाही. तो वाचू लागला. "गेले : कै. जोशीबुवा." या वेळी थांबला नाही. "गुण द्या."

रुचिरचे आठ, पद्मजाचे सात, दत्ता-साधनाचे मिळून साडेसात.

"सात," मी म्हटलं.

"जुलैत दोनवर अडून बसला होतास की रे!" दत्ता म्हणाला.

"क्लबसाठी सात. त्या दोघांसाठी नऊ."

"आणि तुमच्यासाठी, भाऊजी?" साधनाने विचारलं.

असा रकाना आमच्याकडे नाही, असं मी म्हणणार होतो. पण सगळे पडद्यातून बघत होते, आणि कोणी 'बरं बरं' म्हणालं नाही. म्हणून म्हटलं, "मंगळवारी संध्याकाळी आता काय करायचं ते मला कळत नाही."

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण असावं. निदान त्यांच्या चेहऱ्यांवरून तसं वाटलं.

"गप रे," शेवटी दत्ता म्हणाला, "इतके दिवस बोलला का नाहीस? मी येतो."

"तू मंगळवारी ब्रिज खेळतोस," साधना म्हणाली.

"ऑनलाइन आहे. फोनवर खेळेन त्याच्याकडे बसून."

"म्हणजे अर्धा खेळाडू," रुचिर म्हणाला. "काका, मी येऊ शकतो, पण मला साडेसहाला कॉल असतो, आणि..."

"जागा डाव्या बाजूची आहे," पद्मजा म्हणाली. "फार धावावं लागत नाही, नुसतं तिथे असावं लागतं. मी मोकळी आहे. करार नको, चाचणी घ्या."

"चहा देशील ना तिला?" दत्ताने मला विचारलं. "कडक लागतो. नाहीतर आपल्याला ऐकावं लागतं."

मंगळवार, १३ ऑक्टोबर

पद्मजा आली. चहा पुरेसा कडक नव्हता. बसल्यापासून बोलत होती : शाळा, आज पुन्हा होणारी पंतप्रधानांची पत्रकार परिषद, गोल न करणारा नवा स्ट्रायकर, माझे पडदे. पडद्यांवर बराच वेळ गेला. मध्येच म्हणाली, "निशिगंधा तुझ्यासमोर गप्प कशी बसायची रे?"

"बसायची नाही."

ती हसली. शेजाऱ्याने पानं गोळा करायचं यंत्र लावलं होतं, त्याचा आवाज आम्ही दोघं ऐकत बसलो.

मार्लेनच्या मानाने कामगिरी बेताची. बचावापेक्षा आक्रमण जास्त. जाताना कप धुऊन ठेवला आणि चुकीच्या कपाटात ठेवला. निशिगंधाही कुठेही ठेवायची, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही.

मंडळ गुण विचारत होतं. पाच लिहिले, मग पहिलाच सामना म्हणून सहा केले.

"काका, पुढच्या आठवड्यात संघात बदल?" रुचिरने विचारलं.

"नाही," मी कळवलं. "तीच राहू दे."